ग्लासगोतला न्याय, शहापूरचा टँकर

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. गेल्या पाऊण शतकात तो इतक्या लवकर आला नव्हता. मुंबईत त्या दिवशीची मोठी बातमी ठरली ती वरळीच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात शिरलेल्या पाण्याची. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे कॅमेरा वळण्याचे काही कारण नव्हते. इथे बुडायला चकचकीत असे काही नव्हतेच. भाताच्या रोपांसाठी राब भाजून तयार ठेवलेल्या जमिनीचा चिखल झाला होता, एवढेच. एरवी मेच्या अखेरीस कोरड्या जमिनीत धूळवाफेवर भाताचे बी टाकायचे आणि मृगाची वाट पाहायची, हा इकडचा शिरस्ता. त्या वर्षी धूळच राहिली नाही आणि पुढे कित्येक दिवस वाफसा काही येईना. वीटभट्ट्यांवर थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा गारा झाला. तिथे राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना मजुरी मिळते ती हजार विटांमागे, आणि तीही दिवाळीच्या सुमारास घेतलेल्या उचलीतून वळती होते. मोजणीआधीच विरघळलेल्या विटेची मजुरी कोणाची बुडते, हे सांगायला नको.

एकच पाऊस, पण त्याने कोणाचे किती नुकसान केले याचा हिशेब दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागला. हवामानबदलाबद्दलच्या आपल्याकडच्या सगळ्या वादात हाच हिशेब सापडत नाही.

मराठीत या विषयावर बोलायला बसले की तीन सूर हमखास लागतात. पहिला सूर म्हणतो, पाऊस पूर्वीही असाच लहरी होता, बहात्तरचा दुष्काळ विसरलात का? दुसरा म्हणतो, धूर काढला अमेरिका-युरोपने, मग आम्ही का सोसावे? तिसरा सूर गोड आहे: प्रत्येकाने आपापल्या परीने एक झाड लावावे.

पहिल्या सुरावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाऊस लहरी होता हे खरेच, आणि म्हणूनच लहर कुठे संपते आणि कल कुठे सुरू होतो हे एखाद्या वर्षावरून नव्हे, दशकांच्या नोंदींवरून ठरवावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ते काम करून दाखवले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे आहेत, असे त्यांना आढळले. कारण सरळ आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, आणि मावलेले कधीतरी एकदम ओतले जाते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसात कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. यातला एखादा प्रसंग पूर्वीही घडला असता. पण असे प्रसंग इतक्या दाटीने येऊ लागले की त्याला नशीब म्हणत बसता येत नाही. २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. या मुद्द्यावरचा वाद संपला आहे. तो चालू ठेवण्यात ज्यांचा धंदा आहे त्यांनी ठेवावा.

झाडांबद्दलही थोडक्यात. झाडे लावावीत, जगवावीत, याला कोण नाही म्हणेल? पण २०१९ मध्ये आपल्या राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. त्यातली किती जगली, हा प्रश्न पुढे विधिमंडळात गाजला. जिथे पन्नास-साठ वर्षांचा ऐन, साग, मोह उभा आहे तो तोडायचा, दुसऱ्या जिल्ह्यात रोपे लावायची आणि कागदावर जमाखर्च जुळवायचा, ही पद्धत जोवर चालू आहे तोवर झाडांची भाषणे ऐकताना मला झोप येते.

उरला दुसरा सूर. तो मात्र गंभीर आहे, आणि माझ्या मते बरोबर आहे. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून एक छोटी पुस्तिका काढली. भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंतांच्या मोटारीतून निघणारा कार्बन एकाच तागडीत कसा तोलता, असा त्यांचा सवाल होता. एक जगण्यासाठीचा धूर, दुसरा चैनीचा. पुढच्याच वर्षी रिओत हवामानाचा जागतिक करार झाला आणि त्यात तत्त्व आले: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. ज्याने जास्त बिघडवले आणि ज्याची ऐपत जास्त, त्याने जास्त करावे. तेव्हापासून भारताची भूमिका याच तत्त्वावर उभी आहे. २०२१ मध्ये ग्लासगोत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले तेव्हाही श्रीमंत देशांनी पैसा आणि तंत्रज्ञान द्यावे ही मागणी सोबत होती. २०२२ मध्ये शर्म-अल-शेख इथे, ज्यांचे नुकसान होते त्यांना भरपाई देणाऱ्या निधीची स्थापना मान्य झाली. २०२४ मध्ये बाकूला वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला, तेव्हा तो फारच तोकडा आहे असे भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत सुनावले. योग्यच केले.

आता माझे म्हणणे एवढेच आहे, की हाच न्याय आपण कसारा घाटाच्या पायथ्याशी का लावत नाही? ज्याने जास्त वापरले त्याने जास्त सोसावे, ज्याचे नुकसान त्याला भरपाई, आणि ज्याच्या जमिनीवर उपाय करायचा त्याला निर्णयात जागा. या तीनही गोष्टी जगाकडे मागताना आपला आवाज चढतो. त्याच गोष्टी शहापूर-मुरबाडने मुंबईकडे मागितल्या की त्या 'स्थानिकांचा विरोध' ठरतात.

शहापूर तालुक्यातला भातसा जलाशय हा मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सर्वांत मोठा. सातांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाची ७ लाख १७ हजार. म्हणजे मुंबईकराच्या पेल्यातले जवळपास निम्मे पाणी इथले. ते धरणातून नदीत सोडतात, पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि शहराकडे धाडतात. भातसा तसे अलीकडचे. तानसा धरण १८९२ चे. त्यानंतर मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहापूर तालुक्यात आणि त्याच्या सीमांवर सव्वाशेहून अधिक वर्षे शहरासाठी पाणी अडवले जात आहे. दर एप्रिलमध्ये वर्तमानपत्रे 'धरण उशाला, कोरड घशाला' हा मथळा काढतात. मथळा इतका जुना झाला आहे की तो आता कोणाला टोचत नाही.

टँकर पाड्यावर येतो म्हणजे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पाडा डोंगराच्या अंगावर, रस्ता अर्धा कच्चा. टँकर नळाने घरोघर पाणी देत नाही. तो आटलेल्या सार्वजनिक विहिरीच्या काठाला लागतो आणि पाइप टाकून सगळे पाणी विहिरीत सोडतो. तळाचा गाळ ढवळून निघतो. मग त्याच विहिरीतून बायका दोर टाकून ते गढूळ पाणी पुन्हा वर ओढतात, ओढणीने किंवा पदराने गाळतात, हंडे डोक्यावर घेतात. मोटारीने आणलेले पाणी आधी खोल टाकायचे आणि मग हाताने उपसायचे, याहून वेडगळ व्यवस्था शोधून सापडायची नाही, पण कोणाच्याही कागदावर ती तक्रारीला पात्र नाही, कारण खेप झाली आणि नोंद झाली. टंचाईत टँकरने द्यायच्या पाण्याचे सरकारी माप माणशी दिवसाला २० लिटर आहे, म्हणजे जेमतेम दीड हंडा. जलजीवन मिशनचे माप ५५ लिटर. मुंबईतल्या इमारतींसाठीचे १३५.

२०२४ च्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेले तेव्हा ५ जूनपासून मुंबईत १० टक्के पाणीकपात लागू झाली. केवढा गदारोळ झाला! आता मापाने हिशेब करा. १३५ लिटरच्या १० टक्के म्हणजे साडेतेरा लिटर. पाड्यावरच्या बाईला दिवसभरासाठी जे मिळते त्याचा दोनतृतीयांश हिस्सा शहरात कपातीच्या नावाने जातो, आणि तरीही तिथे १२० लिटर उरतात. त्याच वर्षी शहरासाठी राखीव साठाही मोकळा झाला: भातसातून १ लाख ३७ हजार दशलक्ष लिटर, ऊर्ध्व वैतरणातून ९१ हजार. पाऊस उशिरा आला तर शहराच्या गाठीला राखीव साठा असतो. ज्या डोंगरांनी तो साठा भरला, त्यांच्यासाठी राखीव म्हणून काय ठेवले आहे? टँकर. हवामानबदल म्हणजे पुढे नेमके हेच वारंवार घडणे: कधी पाऊस लवकर, कधी उशिरा, मधले खंड लांब. अशा वेळी राखीव कोणासाठी, हा हवामानाच्या वादातला पहिला प्रश्न व्हायला हवा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो न्याय्य आहे. पाणी उताराकडे वाहते. धरण खाली, पाडे वर. भातसाचे पाणी कसाऱ्याच्या अंगावरच्या वस्त्यांना द्यायचे तर उपसावे लागेल, विजेचे बिल येईल आणि ते ग्रामपंचायतीला झेपणार नाही. बिल थकल्याने बंद पडलेल्या नळयोजना कोणत्याही तालुक्यात दाखवता येतात. म्हणून तर वर, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून गुरुत्वाने पाणी खाली आणून शहापूरच्या सुमारे शंभर गावांना आणि अडीचशेच्या आसपास पाड्यांना देण्याची योजना निघाली. योजना शहाणपणाची आहे. पण शहापूरची तहान आजची नाही, आणि तिच्या कामाची गती व मुंबईच्या प्रकल्पांची गती शेजारी ठेवून पाहिली की अडचण उताराची आहे की इच्छेची, हे कळते. शहरासाठी पाणी शंभर किलोमीटर नेताना, बोगदे खोदताना, पंप बसवताना भूगोल आड आला नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. भारतातल्या महानगरांत असे काम करणाऱ्या पहिल्या काहींत मुंबई होती आणि त्याबद्दल तिचे कौतुक व्हायला हवे. २०५० पर्यंत निव्वळ शून्य हे देशाच्या वचनाच्या वीस वर्षे आधीचे ध्येय त्यात आहे. पूर, उष्णता, कचरा, वाहतूक, सगळे आहे. मात्र आराखड्याची हद्द महापालिकेच्या हद्दीशी संपते. शहराचे पाणी जिथे अडते तो मुलूख त्या हद्दीबाहेर. शहराने आपले पाय मोजले, पण ते कोणाच्या अंगणात पसरले आहेत हे मोजले नाही.

अंगणातल्यांकडे बोट दाखवायची सवय मात्र जुनी आहे. भाताच्या रोपासाठी इकडे राब भाजतात: पाला, तोडलेल्या कवळ्या फांद्या, गवत, शेण यांचे थर पेरणीच्या जागेवर पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचे. तणाचे बी जळते, राखेचे खत होते. इंग्रजी अमलात वनखात्याने ठरवले की ठाण्याची जंगले या राबापायी नासली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. राबासाठी कोणाला किती फांद्या तोडू द्यायच्या यावर साहेबांनी तेव्हा पानेच्या पाने लिहिली. त्याच काळात काय चालले होते? १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८६५ मध्ये थळ घाट चढून गेली होती. रुळांखालचे स्लीपर, इंजिनांचे सुरुवातीचे जळण, मुंबईच्या गोद्या आणि घरांचे लाकूड कुठून आले? मोठी कुऱ्हाड चालवणाऱ्याने कोयत्यावर खटला भरला होता.

आजही मार्च-एप्रिलमध्ये धुराचे फोटो फिरतात आणि खाली शेरे असतात: हे अडाणी लोक जंगल जाळतात आणि प्रदूषण करतात. वणवा वेगळा, राब वेगळा, हे त्यांना ठाऊक नसते. वणवा लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. गवताचे कोंब लवकर यावेत किंवा शिकार निघावी म्हणून डोंगर पेटवणे हा गुन्हाच आहे. पण राबात जळणारा पाला गेल्या वर्षीच्या हवेतला कार्बन खाऊन वाढलेला असतो आणि पुढच्या पावसात तेवढा पुन्हा वाढतो. डहाणूच्या वीजकेंद्रात मुंबईसाठी जळणारा कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो हवेत गेला की परत फिरत नाही. अग्रवाल-नारायण यांनी १९९१ मध्ये श्रीमंत देशांना जे सुनावले, ते मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलित दिवाणखान्यालाही तितकेच लागू पडते.

याचा अर्थ राब अमर राहावा असा नाही. धुराने राब भाजणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे जातात, आणि तोडायला झाडेही पूर्वीइतकी नाहीत. गंमत अशी की त्यावरचा उपायही शेजारच्याच तालुक्यात निघाला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राईस टेक्निक' नावाने भाताची पद्धत बसवली: नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, एकदा गादीवाफे करायचे आणि वर्षानुवर्षे त्यांवरच टोकणी करायची. राब नको, आवण उपटून लावणे नको. खाचरात पाणी तुंबून राहत नसल्याने मिथेन कमी, आणि माती धुऊन जात नाही. तणनाशकावर तिचा भर आहे हा तिच्यातला दोष मला खटकतो, आणि लावणीच्या मजुरीवर जगणाऱ्या भूमिहीनाचे काय, हा प्रश्नही उरतो. तरीही हवामानाला दिलेले हे उत्तर परिषदेत नाही, चिखलात पाय असलेल्या माणसाला सुचले आहे. त्यावर कृषी खात्याने एखाद्या धरणावर होतो त्याच्या शतांश तरी खर्च करावा की नाही?

आता उपायांकडे. हवामानबदलावर जे मोठे उपाय निघत आहेत ते फिरून फिरून याच डोंगरांवर येऊन उतरत आहेत. सौरऊर्जा दिवसा मिळते, दिवे रात्री लागतात. म्हणून दिवसा पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची, हे उदंचन जलविद्युतचे तंत्र. यासाठी उंच कडा आणि वर-खाली पाणी साठवायची जागा लागते आणि सह्याद्रीत ती भरपूर आहे. ठाणे जिल्ह्याला हे नवे नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. त्याचा वरचा जलाशय अकोले तालुक्यात आणि खालचा शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट या कंपन्यांशी मिळून १३,०५० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचे करार केले. त्यात काळू नदीच्या नावाने १,१५० मेगावॉट आहेत. काळू मुरबाडची.

या तंत्राला माझा विरोध नाही. चढवायला लागते त्याहून कमी वीज परत मिळते हे खरे, पण कोळसा सोडायचा तर साठवण हवीच आणि घाटघरने ती जमते हे दाखवले आहे. प्रश्न हा की ही वीज कुठे जाणार आणि काळूकाठच्या पाड्यावर उन्हाळ्याच्या दुपारी वीज असेल का. काळूवर तर आधीच एक धरण रेंगाळले आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाढत्या शहरांसाठी मुरबाड तालुक्यात काळू धरण बांधायला घेतले, सुमारे हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती, आणि वनमंजुरी हातात येण्याआधीच यंत्रे सुरू झाली. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. तेव्हापासून हे धरण दर दोन-तीन वर्षांनी बैठकीत पुन्हा जिवंत होते. पूर्वी त्याचे कारण 'वाढती लोकसंख्या' होते, आता 'हवामानबदलामुळे पाण्याची सुरक्षितता' असे लिहितात. प्रकल्प तोच, फक्त कारणाचा रकाना बदलला.

वाड्याचे गारगाई धरणही असेच. त्यातून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर मिळणार आणि लाखो झाडे जाणार. मध्यंतरी ते बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प पुढे आला, मग गारगाई परत आले. या दोन्हींवर बोलण्याआधी शहराने आपल्या घरात पाहावे. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जाते आणि त्यातले चौथाईहून अधिक गळती व चोरीत नाहीसे होते. चौथाई म्हणजे साडेनऊशेच्या वर, दोन गारगाई. शिवाय २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे शहर बांधत आहे. ते शुद्ध केलेले पाणी उद्याने, बांधकामे, कारखाने, शौचालयांसाठी फिरवले तर पुढच्या कित्येक वर्षांचे धरण शहरातच सापडेल. हे कठीण आहे, खर्चिक आहे, रस्ते खणावे लागतात, मतदार ओरडतात. मुरबाडचा डोंगर ओरडत नाही.

इथे मुंबईला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि खोटेही. कसारा आणि आसनगावहून पहाटेच्या लोकलला लटकणारी पोरे त्याच शहरात कमावतात. मुंबईतही गोवंडीच्या, मानखुर्दच्या वस्तीत पाणी विकत घेणारी माणसे आहेत; त्यांच्या वाट्याला १३५ लिटर कधीच आलेले नाहीत. आणि इकडचेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. मुरबाड-शहापुरात डोंगर उतरणीवर फार्महाउसे कोणी उभी करू दिली? त्यांच्या पोहण्याच्या तलावांसाठी कूपनलिका जमिनीत खोलखोल गेल्या, या सगळ्यावर सह्या करणारे सरपंच, तलाठी, पुढारी इथलेच. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला, नेमक्या पर्यावरणदिनी, खुला झाला. त्याच्या कडेने जमिनीचे भाव पाहून ज्यांचे डोळे चमकले त्यांत स्थानिकही होते. गरिबाचे हित आणि गावाचे हित एकच असते हा समज सोडून द्यावा. म्हणूनच न्याय मागायचा तो शहर विरुद्ध खेडे असा नको. जास्त वापरणारा, मग तो मलबार हिलवर असो की माळशेजच्या वाटेवरच्या बंगल्यात, त्याने जास्त मोजावे.

यासाठी नवे कायदे लागत नाहीत. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडचा काही भागही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा दोन्ही सांगतात की इथल्या साधनसंपत्तीबद्दल ग्रामसभेला विचारा. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दल वेगळे काय म्हटले होते? कोणता भाग किती जपायचा याचा अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून करा. समितीचा अहवाल दडपणाऱ्यांनी 'विकासविरोधी' म्हणून त्याची संभावना केली. खरी अडचण तो विकासाच्या विरोधात होता ही नव्हती. तो विचारायला सांगत होता, ही होती.

पुढच्या जागतिक परिषदेत आपला प्रतिनिधी पुन्हा उभा राहील आणि श्रीमंत देशांना त्यांची जुनी देणी आठवून देईल. मी घरी बसून त्याला टाळी देईन. पण मंत्रालयात ज्यांच्या टेबलावर काळूची फाइल येणार आहे, मग ती धरणाची असो की उदंचन प्रकल्पाची, त्यांना एक विनंती आहे. पर्यावरण मंजुरी, वनमंजुरी, भूसंपादन या कागदांच्या वर एक दाखला जोडा: शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक पाड्यात बारमाही, नळाने, माणशी ५५ लिटर पाणी पोहोचले आहे, आणि ते पोहोचल्याचे त्या पाड्याच्या ग्रामसभेने लिहून दिले आहे. दाखला मिळत नसेल तर सही करू नका.